दोराचं दुसरं टोक

२८ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यातला फोटो दोन्ही पोचले. पत्र मी वाचलं, फोटो अप्पांनी ताब्यात घेतला. आता तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. न्हाव्याकडे, बेकरीत, कुठेही गेले तरी आधी फोटो बाहेर येतो. परवा डॉक्टर छाती तपासायला लागले, तर नळी लावायच्या आत त्यांच्या हातात फोटो. माझ्या बारक्याचं मैदान, म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, हे गवत खरं आहे का. त्या एका प्रश्नावर अप्पांचा दिवस मजेत गेला. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि अप्पांना ऐकू येत नाही, म्हणून आपल्या घरात अजून पत्रंच बरी.

आता खरं काय ते लिहिते, नाहीतर पोटात दुखेल. मला तुझा हेवा वाटतो. निवृत्त होताना अप्पांनी मैदानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, त्याला अकरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी एकदा येऊन गेले, त्यानंतर या अकरा वर्षांत त्यांनी एकदाही मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही. घरापासून मैदान तीनशे पावलांवर आहे. फाटकापर्यंत येतात, गजांतून बघतात, घड्याळ बघतात आणि परत फिरतात. एकदा विचारलं, आत का येत नाही, तर म्हणाले गुडघे दुखतात. तेच गुडघे बेकरीपर्यंत न कुरकुरता जातात. मी काय समजायचं ते समजले. किल्ल्या तुला द्यायच्या होत्या. तू दुसऱ्या शहरात गेलास म्हणून त्या माझ्या पदरात पडल्या.

शहर सध्या डोक्यावर घेतलंय सगळ्यांनी. व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये नव्या संघासाठी एकच जागा उरलीय आणि शर्यतीत शहरं दोनच, आमचं आणि तुमचं, हे तुला माहीतच आहे. संघाचा पत्ता नाही, पण त्याच्या रंगावरून भांडणं पेटलीत. न्हाव्याने अर्धं दुकान हिरवं रंगवून घेतलं, उरलेलं अर्धं निकाल लागल्यावर रंगवणार. बेकरीवाला म्हणतो हिरवा रंग पालेभाजीला शोभतो, संघ लालच हवा. आता न्हावी त्याच्याकडे पाव घेत नाही आणि बेकरीवाल्याची दाढी वाढलीय. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी संघाचं गाणं बसवलंय. नाव अजून ठरलं नाही, म्हणून नावाच्या जागी तीन टाळ्या.

नगरपालिकेचे अभियंता साहेब रोज येऊन विचारतात, गवत आणखी हिरवं होईल का. मी म्हटलं, याच्यापुढे गेलं तर निळं होईल. संध्याकाळी पाहुणे येतात तेव्हा फवारे सोडा म्हणून मागे लागलेत, छान दिसतं म्हणे. मी साफ नाही म्हटलं. संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यांवर बसतं आणि बुरशीला पाट मांडून देतं, एवढं तर आपण दोघं पाढ्यांच्या आधी शिकलो.

लीगची माणसं आमच्याकडे १९ सप्टेंबरला येणार आणि तुमच्याकडे २१ला. बारक्या, तुझ्या शहरात सगळं आहे. मला एवढं एकच हवंय की संघ माझ्या गवतावर खेळावा आणि तो बघायला तरी अप्पा फाटकाच्या आत यावेत. धाकट्या भावाला असं लिहू नये. पण लिहिलं.

चिमणीला पापा. तिच्या आईला सांग, तिने विणलेली शाल अप्पा उकाड्यातही सोडत नाहीत.

तुझ्यावर जळणारी पण तुझीच,
ताई


३१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग जेवण गेलं नाही. तू माझा हेवा करतेस हे वाचून मला वाटलं, चुकून माझंच पत्र परत आलं की काय.

माझं मैदान फोटोत चांगलं दिसतं. गवत इथे उगवलेलंच नाही, सतरंजीसारखं गुंडाळून ट्रकमधून आलं आणि आम्ही ते पसरलं. फवारे संध्याकाळी सहाला आपोआप सुरू होतात, कळ कुठे आहे ते मला दोन महिन्यांनी कळलं. हाताखाली सहा माणसं आहेत, मला साहेब म्हणतात. हाताला माती लागायला मला निमित्त शोधावं लागतं. इथे कोणीही मला आमच्या अप्पांचा मुलगा म्हणून ओळखत नाही. आणि अप्पा, ताई, तुझ्या घरात आहेत. त्यांचा खोकला तुला भिंतीपलीकडून ऐकू येतो. मला पाच वर्षांत त्यांची एक ओळ आलेली नाही. फोटो मी काय उगाच पाठवला? म्हटलं, निदान तो तरी त्यांच्याजवळ राहील. आणि तुला थोडं टोचावं असंही मनात होतं, तेही कबूल करतो.

आता कामाचं. उत्तरेच्या गोलपोस्टसमोर गवतात पिवळे गोल पडलेत, ताटलीएवढे. सकाळी बघितलं तर प्रत्येकाच्या कडेला धुरासारखी काळसर रेघ असते, ऊन चढलं की जाते. गवत पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, भूक लागलीय, खत द्या. माझ्या मनात वेगळीच शंका आहे, पण तुला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुझ्या बोटांना गवताचं जे कळतं ते मला पुस्तक वाचून कळत नाही. मैदान नापास झालं तर देखभाल कंपनीकडे जाईल आणि मी माझ्या सहा माणसांसकट घरी बसेन. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे मी अप्पांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

काल पहाटे एकटाच मैदानावर उभा होतो आणि दव झाडायचा दोर आठवला. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये अप्पा ओरडतायत, ताण, ताण. दोर पात्यांवरून ओढत न्यायचा आणि मागे गवत कोरडं, गडद होत जायचं. मी नेहमी ढिला सोडायचो आणि बोलणी तू खायचीस. या नव्या गवताला तसलं काही लागतं का? लवकर लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

चिमणी तुझ्यासारखी चिडते. तिच्या आईला वाटतं माझ्यावर गेलीय.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
बारक्या


३ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

काळजी करण्यासारखं काही नाही. कंपनीचा माणूस बरोबर सांगतोय, गवत उपाशी आहे. खत दे आणि हात आखडू नकोस, ठरलेल्याच्या दुप्पट टाक. संध्याकाळचं पाणीही वाढव, सहाला एकदा आणि सात वाजता पुन्हा एकदा. दोर वगैरे आपल्या जुन्या मैदानाचे लाड, ट्रकमधून आलेल्या गवताला ते सोसत नाहीत, पाती मोडतील. काळी रेघ मातीची असेल.

इकडे सगळं छान. न्हाव्याने हिरव्या भिंतीवर पांढरा चेंडू काढलाय, बेकरीवाला म्हणतो ते अंडं आहे. अभियंता साहेबांनी स्वागतासाठी टणक टाचांचे नवे बूट घेतले आणि ते घालून माझ्या गवतावर आले, तेव्हा मी त्यांना चपला घालून परत यायला सांगितलं. अप्पांनी काल फोटो पोस्टमनला दाखवला. आज पुन्हा दाखवला, तोच पोस्टमन.

कामं पडलीत, म्हणून इथेच थांबते. चिमणीला पापा.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यावर लगेच लिहिलं नाही, रागावू नकोस. खरं सांगायचं तर गोंधळलो होतो. आधीच्या पत्रात तूच अभियंता साहेबांना संध्याकाळचं पाणी नको म्हणाली होतीस, आणि मला दोनदा द्यायला सांगितलंस. माझी शंका बुरशीची होती. पण ताईपुढे आपण काय शहाणपणा करणार, असं वाटून मी घाबरत घाबरत अप्पांनाच पत्र टाकलं. तू काय सांगितलंस ते लिहिलं नाही, तुझी चुगली केल्यासारखं झालं असतं. एवढंच लिहिलं की ताई एक सांगते, माझं मन दुसरं सांगतं, काय करू. त्यात तुझ्या मनातला तो प्रश्नही घुसडला, की ताईच्या मैदानावर तुम्ही पाऊल का ठेवत नाही. पाच वर्षांनी त्यांचं उत्तर आलं. ते सोबत पाठवतो. वाचून परत पाठव, माझ्याकडे त्यांचं हे एकच पत्र आहे. तुला सांगू नकोस असं त्यात लिहिलंय, पण हे मी एकट्याने पोटात ठेवणं बरोबर नाही.

त्यांचं पत्र आल्यावर शंका सोडली आणि नऊ तारखेपासून तू सांगितलंस तसं सुरू केलं. दुप्पट खत, दोनदा पाणी. आज सहावा दिवस. गोल वाढून जेवणाच्या टेबलाएवढे झालेत आणि एकमेकांना भिडायला लागलेत. माझी माणसं माझ्याकडे बघतात, मी गवताकडे बघतो. बरं होण्याआधी असं होत असेल, नाही का? आता एकच आठवडा राहिला. खत आणखी वाढवू का तेवढं कळव.

तुझ्या भरवशावर असलेला,
बारक्या


(सोबतचं पत्र)

७ सप्टेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. पाच वर्षांत तुला लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे काही नव्हते. आता आहे.

गवताला काय झाले ते तू लिहिले नाहीस, हे बरे केलेस. मला सांगू नकोस. ताईला विचार आणि ती सांगेल तसे कर. तुझे मन काय म्हणते ते बाजूला ठेव. माझेही मन कधीकधी तिच्यापेक्षा वेगळे म्हणते, मी बाजूला ठेवतो. बहुतेक वेळा तिचे बरोबर निघाले आहे.

मी तिच्या मैदानावर का जात नाही असे विचारतोस. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. ती समोर उभी होती, हातात माती टोचून बघायची सळई होती, आणि अभियंता तिच्या डोक्यावरून मान लांब करून मला विचारू लागला, पाणी किती द्यायचे. पहारेकरीही माझ्याकडेच बघत होता. तेव्हा कळले की मी आत असेपर्यंत तिला कोणी विचारणार नाही. मैदान एकाचे असते. तेव्हापासून फाटकातून दिसते तेवढे पाहतो. तिने उताराची बाजू जशी राखली आहे तशी मला तीस वर्षांत जमली नाही.

तुझा फोटो लोकांना दाखवतो, कारण तुझे मैदान त्यांना दिसत नाही. तिचे रोज दिसते. हे तिला कळवू नकोस, डोक्यावर बसेल.

सूनबाईस व चिमणीस आशीर्वाद. शाल चांगली आहे.

अप्पा


१७ सप्टेंबर

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी निघाले. बारक्याकडे जाऊन येते एवढंच चिठ्ठीत लिहिलं. आज हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देतेय, तो संध्याकाळी तुमच्या हातात आणून देईल. बसून वाचा.

बारक्याने तुमचं पत्र मला पाठवलं. त्याच्यावर रागावू नका, आधी माझं ऐका. त्याच्या गवताला दवाची बुरशी लागली होती. काळी रेघ, पिवळे गोल, सगळं त्याने नीट लिहिलं होतं, डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. मी ओळखलं आणि त्याला उलटं सांगितलं. खत दुप्पट, संध्याकाळी पाणी, दोर नको. पत्र पेटीत टाकताना जराही थांबले नाही, हेही सांगते. तुमच्या खिशातला फोटो डोळ्यांसमोर होता. वाटलं, या फोटोतलं गवत जरा पिवळं होऊ दे. पोरगा नोकरीला मुकेल हे मला कळत होतं आणि तरी टाकलं.

तो माझं ऐकणार नव्हता, अप्पा. त्याची शंका बरोबर होती. तुम्ही लिहिलंत ताई सांगेल तसं कर, म्हणून त्याने ऐकलं. अकरा वर्षं ज्या शब्दांसाठी मी जळत होते ते तुम्ही लिहिलेत आणि नेमके त्याच दिवसांत लिहिलेत. ते पत्र मी फाटकाशी उभी राहून वाचलं. फोन करून त्याला सांगता आलं असतं. दोनदा उचलला आणि ठेवला. शिवाय आता नुसतं सांगून भागणार नव्हतं, हात लागणार होते.

काल संध्याकाळी बसमधून उतरले ती सरळ मैदानावर गेले. बारक्या धावत आला, त्याला वाटलं मी मदतीला आले. सहा वाजत आले होते, फवारे सुरू होणार होते. म्हटलं, आधी हे बंद कर, मग बोलते. बंद केले आणि तिथेच उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसून एक पातं चोळत राहिला. मग म्हणाला, मला टोचायचं होतं म्हणून मी फोटो पाठवला, पण ताई, मी फोटोच पाठवला होता. घरी जेवताना माझ्याशी बोलला नाही, पण ताटात वाढलं.

आज पहाटे मला वाटलं हा येणार नाही. आला. इथे दोर नाही, म्हणून पाण्याची लांब नळी घेतली. तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन पार त्या टोकाला गेला. सहा माणसं तोंडं उघडी टाकून बघत होती. त्याने एकदाही ढिली सोडली नाही. गोल आज वाढलेले नाहीत. खत धुऊन काढतोय ते सकाळच्याच पाण्याने. एकवीसपर्यंत रोज पहाटे हे करावं लागेल, म्हणून मी परवा आपल्या मैदानावर नसेन.

अप्पा, १९ तारखेला तुम्हाला आत जावं लागेल. किल्ल्या आरशाशेजारच्या खिळ्यावर आहेत. दोर कोठीत उजवीकडे गुंडाळून ठेवलाय. पाणी पहाटे उताराच्या बाजूने सुरू करायचं, वीस मिनिटं, त्यानंतर दोर. अभियंता साहेब ओरडतील, त्यांना ओरडू द्या. लीगच्या माणसांना सगळं तुम्हीच दाखवा. गुडघे दुखत असले तरी.

मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण ती आधी बारक्याने करायची आहे. तो करेपर्यंत तुम्ही थांबा.

तुमची,
ताई


१९ सप्टेंबर

चि. ताईस आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. बसून वाचले.

तू वाईट केलेस. ते तुला माहीत आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. मीही त्याला स्वतःचे मन बाजूला ठेवायला सांगितले, ते चूक होते. ज्याचे मैदान त्याचे मन. हा दोष माझा.

आज पहाटे फाटक उघडले. चपला बाहेर काढल्या. पाणी तू सांगितलेस तसे दिले. दोर काढला तर दुसरे टोक धरायला कोणी नाही. पहारेकऱ्याला इस्त्रीच्या गणवेशात फाटकावर उभे केलेले, तो हलेना. इतक्यात एक उंच, चष्मा लावलेला गृहस्थ एकटाच आत आला आणि गवत बघत उभा राहिला. म्हटले, रिकामे उभे आहात तर हे टोक धरा. त्याने धरले. दोनदा ढिले सोडले, दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा नीट ताणले. पूर्ण मैदान झाडून झाले तेव्हा अभियंता धावत आला आणि त्या गृहस्थापुढे कमरेत वाकला. तो लीगचा मुख्य तपासनीस होता. गर्दी व्हायच्या आत मैदान बघावे म्हणून लवकर आला होता. त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

त्याने मला विचारले, मैदान तुम्ही राखता का. मी म्हटले, नाही, मी राखणारीचा बाप. त्याने पाण्याचे, मातीचे, मुळांचे पुष्कळ विचारले. मी म्हटले, ती बावीसला येईल, तिला विचारा. अभियंत्याने मध्ये तोंड घालून सांगायला सुरुवात केली, त्यालाही म्हटले, तिला विचारा. शेवटी गृहस्थ म्हणाला, निदान यात काही उणे असेल तर ते तरी सांगा. मी म्हटले, पूर्वेचा कोपरा कडक आहे. अभियंता खाली बसला.

मी सगळ्या मैदानावर अनवाणी चाललो. पूर्वेचा कोपरा सोडून कुठेही पाय अडला नाही. माझ्या वेळी चार ठिकाणी अडायचा.

बारक्याला सांग, नळीपेक्षा दोर बरा. मी एक पाठवतो.

अप्पा


१२ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निकाल तुलाही कळला असेल, तुझ्याकडे तर फटाक्यांचा धूर अजून खाली बसला नसेल. संघ तुमचा झाला. अभियंता साहेबांनी गुणांचा कागद कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलाय, मी तो दोन वेळा वाचला आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. तुम्ही शंभरात सत्त्याऐंशी, आम्ही एकाहत्तर. खुर्च्या, दिवे, रस्ते, हॉटेलं, विमानतळ, सगळ्यांत तुम्ही पुढे. गवताला शंभरात पाचच गुण होते, बारक्या. पाच. मी खोटं लिहिलं नसतं तरी हेच झालं असतं आणि तुझं सगळं मैदान पिवळं पडलं असतं तरी हेच झालं असतं. फरक पडला तो तुझ्यामाझ्यात.

त्या पाचांत तुला तीन मिळाले, उत्तरेच्या गोलसमोर डाग आहेत असा शेरा. ते दोन गुण माझ्यामुळे गेले. मला साडेचार. अर्धा कापलाय, शेरा असा आहे की पूर्वेचा कोपरा कडक. म्हणजे तो अर्धा अप्पांनी कापला. मी त्यांना कागदाबद्दल सांगितलं, तर म्हणाले, तपासनीस हुशार माणूस दिसतो.

तुझी नोकरी कायम झाली आणि सहाही माणसं राहिली, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. आणि पत्राच्या शेवटी तू दोन ओळींत जे लिहिलंस, ते मी अप्पांना वाचून दाखवलं नाही. ते माझं आहे. यापुढे गवताचं काही विचारशील तर मला दोनदा विचार. पहिल्यांदा बहीण उत्तर देते, दुसऱ्यांदा ग्राउंडवाली. आणि दोन्ही वेळा स्वतःच्या मनालाही विचार.

हेवा गेला असं मात्र समजू नकोस. तुझ्या मैदानावर खरा संघ उतरेल, गोल होईल, हजारो माणसं उभी राहतील, आणि माझ्या गवतावर शाळेची मुलं कवायत करतील. हे लिहितानाही जळतंय. न्हाव्याने उरलेलं अर्धं दुकान पांढरं रंगवून घेतलं, म्हणतो आता ते दवाखान्यासारखं दिसतं. बेकरीवाल्याने मात्र त्याच्याकडे जाऊन दाढी केली. गाण्याच्या बाईंनी गाणं तसंच ठेवलंय, टाळ्यांसकट, पुढच्या वेळी कामाला येईल म्हणून.

आता शेवटचं. १९ तारखेनंतर अप्पा पुन्हा फाटकाबाहेरच उभे राहायला लागले. मी परत आले त्या दिवसापासून, जणू काही झालंच नाही. गजांतून बघायचं, घड्याळ बघायचं, परत फिरायचं. मला वाटलं एकदा आले म्हणजे येतील. तीन आठवडे मनातल्या मनात चिडत होते, म्हटलं आता कोणता राग आहे यांचा.

आज पहाटे सळई घेऊन पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. टोचली तर बोटभरही आत जाईना. अकरा वर्षं मी तिथून रोज जातेय, बूट घालून. मान वर केली तर ते फाटकाशी उभे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की का येत नाही हे मी त्यांना विचारलं होतं, रागाने, टोमणा मारून, पण या असं मी त्यांना अकरा वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. मैदान माझं होतं. बोलावणं मी करायला हवं होतं.

मी हाक मारली. म्हटलं, अप्पा, या. दोराचं दुसरं टोक धरायला कोणी नाही.

त्यांनी चपला काढल्या आणि आले. मग त्यांनी ताणलेलं बघून मला कळलं, इतकी वर्षं तू आणि मी, दोघंही ढिलं सोडत होतो.

चिमणीला पापा. पहिल्या सामन्याचे फोटो पाठव, अप्पांच्या खिशात जागा आहे.

लोभ तू ठेव. हेवा माझ्याकडे राहू दे, मी त्याला बघून घेईन.

तुझीच,
ताई